पहिलं वाद्य कोणतं घ्यावं? नागपुरात बँड किंवा ऑर्केस्ट्रात वाजवायला निघालेल्यांसाठी

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बँडपथकासाठी नवी मुलं निवडायला सुरुवात होते. पाचवी-सहावीतलं मूल घरी येऊन सांगतं, "मला बँडमध्ये घेतलंय, कोणतं वाद्य हवं ते सरांना उद्या सांगायचंय." आई-बाबांच्या हातात एक संध्याकाळ असते. मग ऐकून माहीत असलेल्या वाद्याचं नाव सांगितलं जातं, नाहीतर शाळेच्या कपाटात जे उरलं असेल ते मुलाच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या संध्याकाळच्या आधी वाचावा म्हणून लिहिला आहे. नोकरी सांभाळून मोठ्या वयात शिकू पाहणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

माझं मत आधीच सांगतो. चार गोष्टी पाहायच्या आणि त्या याच क्रमाने पाहायच्या: आवाज मनापासून आवडतो का, शिकवणारा आणि सोबत वाजवणारी मंडळी जवळ आहेत का, शरीराला झेपतं का, आणि सगळ्यात शेवटी किंमत. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून आणलेलं, पण घरात कुणालाच ज्याचा आवाज आवडत नाही असं वाद्य दिवाळीपर्यंत माळ्यावर गेलेलं असतं.

आधी भरपूर ऐका

नागपुरात ही वाद्यं प्रत्यक्ष ऐकायला पैसे पडत नाहीत. २६ जानेवारीला कस्तूरचंद पार्कवरचं संचलन मुलाला घेऊन पाहायला जा, पण झेंड्याच्या बाजूला उभं राहण्यापेक्षा बँडच्या बाजूला जागा धरा. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे लष्करी बँडची परंपरा या भागाला नवी नाही. विजयादशमीला संघाच्या संचलनातला घोष (त्यांचं बँडपथक), १४ एप्रिलला संविधान चौकाकडे निघणाऱ्या मिरवणुकांमधले बँड, डिसेंबरात सदरच्या चर्चमधली नाताळची गाणी, आणि तुळशीच्या लग्नानंतर रस्त्यारस्त्यावर दिसणाऱ्या वराती. एका वर्षात एवढं कानावर पडतं.

ऐकताना मुलाला एवढंच विचारा की कोणता आवाज परत ऐकावासा वाटतो. दिसण्यावर जाऊ देऊ नका. सॅक्सोफोन फार देखणा दिसतो, ट्रम्पेट चकाकतो, आणि बाजूला बसलेल्या युफोनियम या मोठ्या पितळी वाद्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. घरी एक प्रयोग करून पाहा. एकच ओळखीची चाल बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, व्हायोलिन, चेलो अशा पाच-सहा वाद्यांवर वाजवलेली शोधा आणि पडद्याकडे न पाहता फक्त ऐकवा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खर्जातली वाद्यं ऐकूच येत नाहीत, म्हणून हेडफोन किंवा बरा स्पीकर वापरा. जे मूल "ड्रमच पाहिजे" म्हणून हटून बसलेलं असतं, तेच डोळे मिटून ऐकताना चेलोपाशी थांबतं.

शाळेत कोणता बँड आहे, ते विचारा

सगळ्याला आपण "बँड" म्हणतो, पण त्यात बरेच प्रकार आहेत. ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, त्यांच्या जोडीला बहुधा क्लॅरिनेट-सॅक्सोफोन आणि ड्रम असतात. पाइप बँडमध्ये बॅगपाइप आणि ड्रम, बस्स. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेतही ब्रास आणि पाइप असे वेगळे गट असतात, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. काही शाळांत फक्त बिगुल, साइड ड्रम, बेस ड्रम आणि झांजा एवढंच पथक असतं. ऑर्केस्ट्रा मात्र तारवाद्यांवर उभा असतो: पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, चेलो, डबल बेस, आणि मागे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट वगैरे.

यावर पुढची निवड बरीचशी ठरते. शाळेत पाइप बँड असेल आणि मूल व्हायोलिन शिकत असेल, तर शाळेत त्याला सोबत वाजवायला कुणीच मिळणार नाही. मग चर्चचा वाद्यवृंद, खाजगी वर्ग किंवा गाण्याच्या कार्यक्रमांत साथ करणारी मंडळी शोधावी लागतील. ते जमण्यासारखं आहे, पण आधी माहीत असलेलं बरं. ही सगळी समूहात वाजवायची वाद्यं आहेत. एकट्याने खोलीत बसून वर्षभर ट्रॉम्बोन वाजवणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही.

शिकवणारा कुठे मिळेल

ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम यांसाठी नागपुरात दोन जागी विचारा. एक म्हणजे लष्कर किंवा पोलिस बँडमधून निवृत्त झालेले वादक. शिस्त, स्वरलेखन वाचणं, श्वासावर ताबा यासाठी त्यांच्यासारखे शिक्षक नाहीत. दुसरे म्हणजे लग्नाच्या बँडचे मास्तर. त्यांच्याकडे जायला पालक बिचकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पन्नास गाणी पाठ असलेला, भर उन्हात तीन-तीन तास चालत वाजवणारा आणि वाद्याच्या कळीखालचं गळकं पॅड जागच्या जागी दुरुस्त करणारा माणूस म्हणजे चालतंबोलतं विद्यालय आहे. चातुर्मासात लग्नं नसतात. गणपती आणि नवरात्राचे दिवस सोडले तर आषाढ ते कार्तिक या काळात त्यांना जरा उसंत असते. नेमके तेच शाळा सुरू झाल्यानंतरचे महिने. आदराने जाऊन विचारा, योग्य ती फी द्या.

व्हायोलिनचं थोडं वेगळं आहे. नागपुरात हिंदुस्थानी पद्धतीने शिकवणारे आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकवणारे असे दोन्ही शिक्षक आहेत, आणि वाद्य तेच असलं तरी शिक्षण वेगळं आहे. हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं टोक पायावर टेकतं, तारा सा-प अशा लावतात. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटीखाली धरतात आणि तारा ठरलेल्या स्वरांत असतात, पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्यांत सांगायचं तर: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. ऑर्केस्ट्रात बसायचं मनात असेल तर पाश्चात्त्य पद्धतीने धरूनच सुरुवात करा, कारण डाव्या हाताची सवय नंतर मोडणं फार जड जातं. रागसंगीत वाजवायचं असेल तर सरळ हिंदुस्थानी गुरू धरा. दोन्हीची सरमिसळ पहिल्या दोन वर्षांत नको.

ओबो, बासून आणि फ्रेंच हॉर्न ही सुंदर वाद्यं आहेत, पण नवशिक्यासाठी मी ती सुचवत नाही. महाग आहेत, त्यांच्या फुंकायच्या वेताच्या पट्ट्या (रीड) किंवा सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि शिकवणारा शहरात सापडणं कठीण. ओढ असेलच तर आधी क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटवर दोन-तीन वर्षं काढा आणि मग वळा.

ऑनलाइन शिकवणीबद्दल विचारणा होते. स्वरलेखन वाचायला, लय पक्की करायला ती चांगली. पण ओठ कसे लावायचे, बो (व्हायोलिनचा गज) कसा धरायचा हे समोर बसून हात लावून दाखवणारा माणूसच शिकवू शकतो. निदान पहिले तीन महिने तरी शिक्षक समोर हवा.

शरीराला काय झेपतं

फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी पुढचे दुधाचे दात पडून कायमचे दात आलेले असावेत. हे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत होतं. दातांना तारा बसवलेल्या असतील किंवा बसवायच्या असतील तर दातांच्या डॉक्टरांना आधीच विचारा. ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यात मुखडा (फुंकायचा सुटा भाग, माउथपीस) ओठांवर आणि ओठ दातांवर दाबले जातात, त्यामुळे तारांचा त्रास तिथे सगळ्यात जास्त. फ्लूटमध्ये त्या मानाने कमी. दमा असलेली मुलं फुंकवाद्य वाजवू शकत नाहीत असा सरसकट समज करून घेऊ नका. डॉक्टरांशी बोला आणि हळूहळू वेळ वाढवा. जाड ओठांना ट्रम्पेट येत नाही, हेही खरं नाही.

मापांचं महत्त्व व्हायोलिनमध्ये सगळ्यात जास्त. मुलाचा डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ पसरायचा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेपने मोजायचं. साधारण ५८ सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर पूर्ण माप, ५६ च्या आसपास तीन-चतुर्थांश, ५१ च्या आसपास अर्धं, ४७ च्या आसपास पाव. दोन मापांच्या मध्ये असेल तर लहान माप घ्या. "वाढत्या अंगाचं घेऊन ठेवू" हे गणवेशाला चालतं, व्हायोलिनला नाही. मोठ्या वाद्यावर मनगट वाकडं पडतं आणि तीच सवय लागते.

क्लॅरिनेटला बोटांची टोकं छिद्रं पूर्ण झाकतील एवढी हवीत, म्हणून नऊ-दहा वर्षांच्या आधी घाई नको. त्याआधी फ्लूट हवा असेल तर मुखाकडचा भाग वळवलेला लहान मुलांचा फ्लूट मिळतो. ट्रॉम्बोनला हात पुरायला हवा, कारण त्याची नळी सात जागांवर सरकते आणि सातवी जागा लांब असते. आल्टो सॅक्सोफोन अडीच किलोच्या आसपास भरतो आणि तो सगळा भार मानेवर येतो. लहान चणीच्या मुलाला खांद्यावरून जाणारा पट्टा द्या. डावखुऱ्या मुलांसाठी उलटं वाद्य घेऊ नका. दोन्ही हातांना सारखंच काम असतं, आणि उलटं धरलेलं व्हायोलिन ऑर्केस्ट्राच्या रांगेत शेजाऱ्याच्या बोला आपटतं.

हातात घेऊन पाहा

हे सगळं वाचून झालं तरी निवड कागदावर पक्की करू नका. शिक्षकांकडे किंवा सीताबर्डीतल्या दुकानात जाऊन मुलाला प्रत्येक वाद्याचा फक्त फुंकायचा भाग द्या. फ्लूटचा वरचा तुकडा, क्लॅरिनेटचा मुखडा, ट्रम्पेटचा मुखडा. पाच मिनिटांत स्पष्ट आणि न थरथरणारा एक स्वर निघाला तर ती चांगली खूण समजा. आल्टो सॅक्सोफोनचा नुसता मुखडा फुंकला आणि आवाज पांढरी सहाच्या जवळपास लागला, तर ओठांची पकड नैसर्गिकच बरी आहे. एका वाद्यावर काहीच निघालं नाही म्हणून मूल हिरमुसलं तर त्याला लगेच दुसरं द्या. फ्लूटमधून हवाच जाते आणि ट्रम्पेट मात्र पहिल्या फुंकरीत बोलतो, असं सर्रास होतं.

फ्लूट हलका आणि पिशवीत मावणारा. सुरुवातीला बरीचशी हवा वाया जाते, त्यामुळे चक्कर आल्यासारखं वाटतं; बसून, थोडा थोडा वेळ वाजवायचा. फ्लूट वाजवणारी मुलं बहुतेक पथकांत गरजेपेक्षा जास्त असतात, हेही ध्यानात ठेवा.

क्लॅरिनेट माझं आवडतं, आणि ते लपवायचं कारण नाही. खालचा स्वर मऊ, वरचा धारदार, आणि लग्नाच्या बँडपासून पाश्चात्त्य वाद्यवृंदापर्यंत सगळीकडे जागा. कठीण एवढंच की खालच्या सप्तकात ज्या बोटांनी सा वाजतो त्या बोटांनी वर सा वाजत नाही, वेगळाच स्वर येतो. सॅक्सोफोनमध्ये दोन्ही सप्तकांत बोटं जवळपास सारखी, म्हणून पहिल्या वर्षी सॅक्सोफोनवाला पुढे गेल्यासारखा दिसतो. पण क्लॅरिनेटवरून सॅक्सोफोनवर जाणं सोपं, उलट दिशेने कठीण. दोन्हीत मन अडकलं असेल तर क्लॅरिनेट आधी.

ट्रम्पेटला तीनच कळा. मधली स्वर अर्ध्याने उतरवते, पहिली एका पूर्ण स्वराने, तिसरी दीड स्वराने. बाकी सगळं काम ओठांचं. म्हणून ट्रम्पेटला कान तयार लागतो. ज्या मुलाला ऐकलेलं गाणं बरोबर सुरात गुणगुणता येतं, त्याने बेधडक घ्यावा. शाळेत फक्त बिगुल असेल तरी नाराज होऊ नका. बिगुलाला कळा नसतात, ओठांनीच मोजके स्वर काढायचे असतात, आणि तेच ओठ पुढे ट्रम्पेटवर उपयोगी पडतात.

युफोनियमबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्याच्यासाठी बोलणारं कुणी नसतं. मुखडा मोठा असल्याने पहिला गोड स्वर लवकर निघतो. बोटं ट्रम्पेटसारखीच. आवाज माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळचा. पथकात हे वाद्य वाजवणारं एकच मूल असतं आणि ते गैरहजर राहिलं की पूर्ण बँड पोकळ वाटतो. लाजाळू, ऐकून घेणाऱ्या मुलाला ही जागा फार शोभते.

ड्रम सोपा वाटतो आणि म्हणूनच सगळ्यांना हवा असतो. चांगला साइड ड्रमवाला होण्यासाठी रबरी पॅडवर महिनोन्महिने एकेरी, दुहेरी आणि मिश्र ठोके घोटावे लागतात. पूर्ण ड्रमसेट घेऊ नका. एक पॅड आणि एक जोडी काड्या एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. गणपतीत ढोल-ताशा वाजवलेल्या मुलांच्या हातात लय असते, मनगट मात्र नव्याने सैल करावं लागतं.

बॅगपाइप थेट सुरू होत नाही. आधी सरावाची नळी मिळते, पिशवीशिवाय, आणि सगळी बोटं त्याच्यावर बसवायची. तो टप्पा कंटाळवाणा आहे पण टाळता येत नाही.

काळी पाचचा प्रश्न

हे समजून न घेतल्यामुळे घरोघरी गोंधळ होतो. मूल ट्रम्पेटवर वहीत लिहिलेला "सी" वाजवतं, आजोबा पेटीवर पांढरी एक दाबतात आणि दोन्ही स्वर भांडतात. पोर बेसूर आहे असं वाटतं. तसं नाही. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांच्या "सी"ला पेटीची काळी पाच वाजते, आल्टो सॅक्सोफोनच्या "सी"ला काळी दोन. फ्लूट, व्हायोलिन यांचा "सी" म्हणजे पांढरी एकच. त्यामुळे पांढरी एकमधली प्रार्थना वाजवायची तर ट्रम्पेटवाल्याने "डी"ला सा मानायचा आणि आल्टो सॅक्सोफोनवाल्याने "ए"ला.

निवडीशी याचा थेट संबंध आहे. ब्रास बँड काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या पट्ट्यांत आरामात असतो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांच्या, त्यामुळे त्याला पांढरी पाच, दोन, सहा सोयीच्या. पितळी बँडमध्ये दोन व्हायोलिनं बसवली की पहिल्या वर्षीची ती मुलं अवघड पट्टीशी झगडतात आणि वर त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. बॅगपाइपचा मूळ स्वर काळी पाचच्याही किंचित वर असतो, म्हणून तो इतर वाद्यांत मिसळतच नाही. गाणाऱ्यांच्या साथीला बसायची इच्छा असेल तर ते कोणत्या पट्टीत गातात हे विचारून मग वाद्य ठरवा.

नागपूरचं ऊन, कूलर आणि पाऊस

मुंबई-पुण्याच्या सल्ल्यावर नागपुरात लाकडी वाद्य घेऊ नये, कारण आपली हवा वेगळी आहे. लाकडी वाद्यांना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा पार कोरडी पडते, आणि त्याच घरात कूलरसमोर दमट झोत असतो. जुलैत सगळंच ओलं. या फेऱ्यात लाकूड आकसतं, फुगतं, चिरतं.

म्हणून पहिला क्लॅरिनेट काळ्या लाकडाचा नको, एबीएस प्लॅस्टिकचाच घ्या. चांगल्या कंपन्या विद्यार्थ्यांसाठी तसे बनवतात, आवाज उत्तम असतो आणि तो तडकत नाही. व्हायोलिन लाकडाचंच असणार, तेव्हा ते कूलरच्या झोतात, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. व्हायोलिनचे जोड प्राणिज सरसाने चिकटवलेले असतात. उष्णतेने तो सैल होतो आणि कडा सुटतात. कडा सुटली तर घाबरू नका, ती परत चिकटते. घरातल्या फेव्हिकॉलने मात्र चिकटवू नका, कारण पुढची दुरुस्ती अशक्य होऊन बसते. उन्हाळ्यात खुंट्या घसरतात, पावसाळ्यात अडकून बसतात. नवशिक्यासाठी शेपटीकडच्या भागावर चारही तारांना बारीक स्क्रू असलेलं व्हायोलिन घ्या. बोला लावायची राळ मेच्या दुपारी मऊ पडून पेटीला चिकटते, ती गार जागी ठेवा. वाजवून झालं की बो सैल करा, बारा महिने.

पावसाळ्यात वाद्य ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. क्लॅरिनेट-सॅक्सोफोन वाजवल्यानंतर आतून कापड ओढून कोरडा करा, नाहीतर पॅड फुगतात आणि हवा गळते. उन्हाळ्यात वेताच्या पट्टीचं टोक वाळून वळतं. वाजवण्याआधी पाण्यात थोडी भिजवा, तीन-चार पट्ट्या आलटूनपालटून वापरा. सुरुवात दीड किंवा दोन नंबरच्या पट्टीने.

हवेचा सुरावरही परिणाम होतो. गरम हवेत ध्वनी वेगाने जातो, म्हणून फुंकवाद्यांचा सूर चढतो आणि तारा मात्र उतरतात. २६ जानेवारीच्या गार सकाळी ट्रम्पेट खाली उतरलेले असतात. संचलनाआधी आवाज न काढता त्यांत गरम श्वास सोडत राहायचं आणि मगच सूर मिळवायचा.

अजून एक. तर्री-पोहे, सावजी रस्सा किंवा संत्र्याचा रस घेऊन थेट वाद्य तोंडाला लावू नका. तेल आणि साखर आत जाऊन पॅड चिकटतात, पितळाच्या आत थर साचतो. चूळ भरा, मग वाजवा. मोठ्या वयात शिकायला आलेल्यांनी खर्रा सोडलेला बरा. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड उघडणंच कमी होतं. त्या तोंडाने फुंकवाद्य नीट जमत नाही, आणि तब्येतीचा धोका तर त्याहून मोठा.

विकत घेताना

शक्य असेल तर पहिले तीन महिने शाळेचं किंवा शिक्षकांचं वाद्य वापरा, पण मुखडा स्वतःचा घ्या. एकच मुखडा पाच मुलांच्या तोंडी जाणं बरं नाही. दर आठवड्याला तो कोमट पाण्याने धुवायचा. उकळत्या पाण्यात टाकू नका, प्लॅस्टिक आणि रबराचे मुखडे वाकडे होतात.

मग वाद्य. आपल्या बँडची पितळी वाद्यं पूर्वापार मेरठच्या जली कोठीतून येतात आणि बरीच व्हायोलिनं उत्तर प्रदेशातल्या रामपुरातून. बिगुल आणि ड्रमसाठी मेरठचा माल निःशंकपणे घ्या. ट्रम्पेट-क्लॅरिनेट घेताना मात्र एकेक नग जाणकाराकडून वाजवून पाहा, कारण दोन नगांत फरक असतो. कळा दाबून सोडल्यावर लगेच वर येतात का, सरकत्या नळ्या सहज हलतात का, क्लॅरिनेटचा खालचा भाग तळहाताने बंद करून फुंकल्यावर हवा गळते का, एवढं तर कुणालाही पाहता येईल. यामाहासारख्या कंपनीचं विद्यार्थी दर्जाचं जुनं वाद्य मिळालं तर ते अनोळखी बनावटीच्या नव्यापेक्षा बरं. विकतानाही किंमत येते. रंगीबेरंगी, फार स्वस्त क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन टाळा. त्यांच्या कळा वाकतात आणि दुरुस्ती करणारे हात लावायला तयार होत नाहीत.

नवं व्हायोलिन पेटीतून काढलं की वाजवायला तयार असतं, असं समजू नका. तारांखालची घोडी उभी करणं, तिची उंची बेतणं, आतली आधाराची काडी जागेवर आहे का पाहणं हे काम शिक्षक किंवा कारागीर करतात. तारा फळीपासून फार उंच असतील तर मुलाची बोटं दुखतात आणि दोष मुलाला लागतो. ऐन मेमध्ये कुरिअरने लाकडी वाद्य मागवू नका. पाऊस स्थिरावू द्या.

पहिले काही महिने

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी सलग दोन तास फुंकलं तर पितळी वाद्यावर ओठ सुजतात आणि पुढचे दोन दिवस जातात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून संध्याकाळची एक ठरलेली वेळ घ्या. बहुतेक जण समजून घेतात. ट्रम्पेटला आवाज दाबणारा सरावाचा म्यूट मिळतो, ड्रमला पॅड आहेच. ड्रम किंवा ताशाजवळ उभ्या राहणाऱ्या मुलांच्या कानांची काळजी घ्या: ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्म्यावर येतो. कानात बोळे घालून वाजवलं तरी लय बिघडत नाही.

एक वर्ष पूर्ण होण्याआधी वाद्य बदलू नका. त्यानंतर बदलावंसं वाटलं तर जवळच्या वाटा आहेत: बिगुलवरून ट्रम्पेट, ट्रम्पेटवरून युफोनियम किंवा हॉर्न, क्लॅरिनेटवरून सॅक्सोफोन, व्हायोलिनवरून व्हिओला. या वाटांनी गेलं तर शिकलेलं बहुतेक सोबत येतं. दातांच्या तारा बसल्यावर ट्रम्पेट दुखू लागला तर काही महिने मोठ्या मुखड्याच्या युफोनियमवर काढा, पथकात राहा, आणि तारा निघाल्या की परत या. बदल ठरवण्याआधी बँडच्या सरांशी बोला, कारण एका मुलाने जागा सोडली की बाकीच्यांची मांडणीही त्यांना बदलावी लागते.